आमची कोठेही शाखा नाही

पुण्याच्या दुकानदारांवर आजवर जेवढे विनोद झाले आहेत, तेवढे बहुधा सासवांवरही झाले नसतील. आणि त्यातला निम्मा वाटा एका पाटीचा आहे : 'आमची कोठेही शाखा नाही.' 1986 साली मी लग्न होऊन गिरगावातून पुण्यात आले, तेव्हा ही पाटी वाचून मला हसू आवरेना. आमच्या मुंबईत दुकानदार शाखा असल्याचा मोठेपणा मिरवायचा, इथे नसल्याचा! मी ह्यांना म्हटले, "शाखा नाही हे काय सांगायचं असतं? उद्या 'आमच्याकडे हत्ती नाही' अशीही पाटी लावतील." हे हसले. पण माजघरात भाजणीचे डबे पुसत बसलेल्या सासूबाई हसल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "ज्याचं काही चोरीला गेलेलं नसतं, त्याला हसू येतं."

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला तेहतीस वर्षे लागली.

आमचा धंदा म्हणजे काही कारखाना नव्हे. सदाशिव पेठेत तळमजल्यावरची पुढची खोली, तिला रस्त्याच्या बाजूने एक फळी, फळीवर काटा आणि काट्यामागे सासूबाई. 1974 साली मामंजी दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळले आणि घरात येणारा पगार बिनपगारी रजेने कुरतडला जाऊ लागला. त्या दिवाळीत सासूबाईंनी चकलीची भाजणी करून शेजारणींना विकली. मग मेतकूट आले, गोडा मसाला आला, उपासाची भाजणी आली. पुढे पिवळ्या कागदाची पुडी आली. तिच्यावर तुळशीवृंदावनाचे चित्र आणि चित्राखाली एक नाव.

ते नाव मी इथे लिहीत नाही. एक तर संपादकांना ही जाहिरात वाटायची आणि ते मानधन देण्याऐवजी दरपत्रक पाठवायचे! दुसरे कारण शेवटी सांगेन. एवढे सांगते की नाव बाईचे होते, तीन अक्षरी, साधे, पूर्वी आळीत एक तरी सापडेलच असे. मौज अशी की आमच्या घरात त्या नावाचे कुणीच नव्हते. नवी नवरी असताना मी एकदा विचारले, "कुणाचं हो आई हे नाव?" त्या म्हणाल्या, "आहे एकीचं." मला वाटले, कुलदेवतेचे असेल. ह्यांना विचारले, तर ह्यांनाही ठाऊक नव्हते. मुलगे आईच्या धंद्यातला फायदा-तोटा विचारतात. नाव कुठे विचारतात?

2019 च्या ऑक्टोबरात दिवाळी आठ दिवसांवर आली होती. फळीपुढे गिऱ्हाइकांची गर्दी. तेवढ्यात कोथरूडच्या एक बाई, आमचे वीस वर्षांचे गिऱ्हाईक, तावातावाने आल्या आणि त्यांनी फोडलेली पुडी फळीवर आपटली. "काकू, काय हो हे? एक चकली तेलात धड राहत नाही. सगळ्या मोडल्या. पाहुण्यांपुढे काय ठेवू?"

पुडी पिवळीच होती, पण आमच्यापेक्षा फिकी. वृंदावन होते, पण तुळस जरा तिरकी. नाव मात्र तेच, अक्षराचे वळणसुद्धा तेच. आमच्या पुडीवर घरक्रमांकासकट पत्ता असतो, तिथे नुसते 'पुणे' होते. मी म्हटले, "अहो बाई, ही पुडी आमची नाही." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मीच खोटे बोलत आहे. "पण नाव तर तुमचंच आहे ना?"

सासूबाईंनी काही न बोलता त्यांना आमची एक किलो भाजणी बांधून दिली. पैसे घेतले नाहीत. गर्दी ओसरल्यावर त्यांनी त्या परक्या पुडीतली चिमूट हातावर घेतली, चोळली, हुंगली, जिभेवर ठेवली. मग म्हणाल्या, "तांदूळ धुतलेले नाहीत. उडीद हात आखडून घातलाय. पण डाळ भाजली आहे ती आपल्या घरच्या हातानं."

मला उमगायला वेळ लागला नाही. 1998 पासून 2016 पर्यंत, तब्बल अठरा वर्षे, आमच्याकडे एक मावशी भाजायला येत. हरभऱ्याची डाळ किती तांबूस झाली म्हणजे उतरवायची हे त्यांना वासावरून कळे. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी काम सोडले, त्या दिवशी सासूबाईंनी त्यांना साडी नेसवून पाठवले होते.

त्या रात्री घरात परिषद भरली. चिरंजीव म्हणाला, "सरळ पोलिसात जाऊ." हे म्हणाले, "जाऊ दे गं. नाव गेलं तर गेलं, चव कुठे जाते?" मी कपाटातून कागद काढले. शॉप ॲक्टचा परवाना होता, अन्न परवाना होता, दोन्हींवर पुडीवरचे नाव ठळक छापलेले. मी म्हटले, "हे बघा, सरकारनेच नाव आपल्याला दिलेलं आहे." सासूबाई एका कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसल्या होत्या. माळ मात्र पुढे सरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीतली वकील मुलगी आली. लहानपणी आमच्याकडची थालिपिठे खाऊन मोठी झालेली. तिने माझे कागद पाहिले आणि हसून बाजूला ठेवले. "काकू, शॉप ॲक्ट म्हणजे दुकान कुठे आहे याची नोंद. अन्न परवाना म्हणजे खाण्याच्या पदार्थाचा धंदा नोंदलेला आहे एवढंच. नावावर हक्क यातल्या एकानेही मिळत नाही. त्यासाठी वेगळी नोंद लागते, ट्रेडमार्कची. पंचेचाळीस वर्षांत ती तुम्ही केलीच नाही."

आमचे चेहरे पडले. मग तिने धीर दिला. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात नोंदलेल्या नावाला संरक्षण आहेच, पण न नोंदलेल्या नावालाही वाऱ्यावर सोडलेले नाही. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणे हे न्यायालय पूर्वीपासून गैर मानते. फक्त तीन गोष्टी दाखवून द्याव्या लागतात : त्या नावाला लोकांत पत आहे, समोरच्याच्या मालामुळे लोकांची फसगत होते, आणि त्यात आपले नुकसान आहे. "त्या कोथरूडच्या बाई म्हणाल्या ना, 'नाव तर तुमचंच आहे', ते एक वाक्य म्हणजे आपला अर्धा खटला!"

तिने अहमदाबादच्या 'मुक्तजीवन' नावाच्या फोटोच्या दुकानाची हकीकत सांगितली. त्या नावाने दुसरे कुणी दुकान काढू लागले, तेव्हा खालच्या दोन्ही न्यायालयांनी मनाई नाकारली होती. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने ती दिली. मग तिने 'अमृतधारे'ची गोष्ट काढली. आमच्या लहानपणी प्रत्येक घरात ती बाटली असे. अमृतधारा 1903 सालची आणि तिच्यासारखीच 'लक्ष्मणधारा' 1923 सालची. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, नावे फसगत व्हावी इतकी सारखी आहेत; सामान्य गिऱ्हाईक काही शब्दाची फोड करून व्याकरण करीत बसत नाही. पण इतकी वर्षे अमृतधारावाले गप्प बसले होते, म्हणून लक्ष्मणधारेला उत्तर प्रदेशापुरती का होईना नोंद मिळाली. "तेव्हा काकू, मोठेपणानं गप्प बसणं घरात शोभतं. धंद्यात त्याला संमती म्हणतात."

ह्यांनी 'चव कुठे जाते' हे वाक्य पुन्हा उच्चारले नाही.

अर्ज करायचा ठरला. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी तेव्हा साडेचार हजार रुपये होती. माल आणि सेवा यांचे मिळून पंचेचाळीस वर्ग असतात आणि पिठे-मसाले तिसाव्या वर्गात मोडतात, ही नवी माहिती मिळाली. अर्ज तपासून झाला की नाव ट्रेडमार्कच्या नियतकालिकात छापतात आणि कुणाची हरकत असेल तर त्याला चार महिने देतात. हरकत नसेल तर नोंद होते, ती दहा वर्षांची. पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण. चिरंजीव उत्साहाने म्हणाला, "मग उद्यापासूनच पुडीवर गोलातला इंग्रजी 'आर' छापू." वकील मुलगी ओरडली, "मुळीच नाही! नोंद होण्याआधी तो छापणं हा गुन्हा आहे. दंड होतो, कैदही होऊ शकते. फार तर 'टीएम' छाप." परक्याला तुरुंगात धाडायला निघालेला आमचा मुलगा स्वतःच जाता जाता वाचला.

1974 पासून नाव वापरतो असे म्हणायचे तर प्रतिज्ञापत्र हवे आणि सोबत पुरावे हवेत. सासूबाई उठल्या आणि खाटेखालची पत्र्याची ट्रंक ओढली. त्या ट्रंकेत मला वाटले होते शालू असतील. निघाली ती छापखान्याची बिले! 1976 सालचे पहिले, पाचशे लेबलांचे. प्रदर्शनातल्या गाळ्याच्या पावत्या, वर्तमानपत्रातल्या तीन ओळींच्या जाहिरातींची कात्रणे, अमेरिकेत गेलेल्या मुलींची 'भाजणी पोचली, डोळ्यांत पाणी आले' अशी पत्रे. पिवळ्या पुडीचा प्रत्येक नमुना, घडी न मोडता ठेवलेला. आम्ही जिला घरखर्चाला हातभार म्हणत होतो, त्याची तिने अशी बखर लिहून ठेवली होती.

अर्ज भरताना मुलीने सहज विचारले, "आजी, हे नाव एखाद्या व्यक्तीचं आहे का? असेल तर तसं लिहावं लागेल, संमतीही लागू शकते."

सासूबाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग ट्रंकेच्या तळातून त्यांनी शाळेचा एक दाखला काढला. सातवीचा. त्यावर पुडीवरचे नाव होते, पुढे त्यांच्या वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव.

"1958 साली लग्न झालं," त्या म्हणाल्या. "ताटात तांदूळ पसरले, त्यावर अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि सगळ्यांना पेढे वाटले. मला कुणी विचारलं नाही. सतरा वर्षांची होते, मला तरी कुठं वाटलं की विचारायचं असतं? माहेरी सगळे अक्काच म्हणत. त्यामुळे ते नाव कुणाच्या तोंडी राहिलंच नाही. पुडीवर काय लिहायचं असं छापखानेवाल्यानं विचारलं, तेव्हा मी पटकन ते सांगून टाकलं. वाटलं, कुठं तरी असू दे."

हे खिडकीपाशी गेले आणि उगाच बाहेर पाहत उभे राहिले. साठी ओलांडल्यावर त्यांना आपल्या आईचे नाव कळले होते.

नोटिशीचा मसुदा तयार झाला. पण सासूबाई म्हणाल्या, "ती धाडण्याआधी मी एकदा तिच्याकडे जाऊन येते." दिवाळी झाल्यावर आम्ही दोघी रिक्षाने पर्वतीच्या पायथ्याशी गेलो. दोन खोल्या. एका खोलीत पिवळ्या पुड्यांची चळत. आम्हाला पाहून मावशींच्या हातातली चाळण तशीच राहिली.

सासूबाई खाटेवर बसल्या. पाणी प्याल्या. मग म्हणाल्या, "तांदूळ धुतले नाहीस."

"पाणी कुठाय काकू? नळाला तासभर येतं. त्यात पिण्याचं भरू का तांदूळ धुऊ?"

"आणि माझं नाव का लावलंस?"

मावशी खाली बघत राहिल्या. मग एकदम बोलू लागल्या. "अठरा वर्षं मी भाजलं, मी चाळलं. लोक पुडी घेताना म्हणायचे, काय हात आहे काकूंचा! मी आत चुलीपाशी ऐकायची. मला वाटलं, त्या नावात थोडं माझंबी असंल." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "आधी माझंच नाव लावलं होतं काकू. नाव, आडनाव, समदं. चार महिने हिंडले. एका दुकानदारानं पुडी घेतली, आडनाव वाचलं आणि खाली ठेवली. बोलला काही नाही. तुमचं नाव लावलं, तर दुसऱ्या दिवशी वीस पुड्या मागितल्या. वहिनी, तुम्हीच सांगा, माझ्या आडनावाची भाजणी पेठेत कोण घेणार?"

मी काय सांगणार? आयुष्यभर लोणच्याची बरणी उचलून मी आधी आडनाव वाचले आहे आणि मग घटक. आमच्याकडे चोरी झाली होती हे खरे. पण त्या खोलीत बसून मला प्रथमच वाटले की, या बाईला तिच्या स्वतःच्या नावाने धंदा करू न देणाऱ्यांत मीही आहे.

सासूबाई बऱ्याच वेळाने बोलल्या. "हात तुझा आहे, चव तुझी आहे, कृती मी शिकवली पण ती आता तुझीच. यातलं काही मी परत मागत नाही. नाव मात्र देणार नाही. उद्या तुझ्या पुडीनं कुणाच्या पोटात दुखलं तर तो माझ्या फळीशी येऊन उभा राहणार, आणि मला उत्तर द्यावं लागणार. जिथं उत्तर देणारी मी, तिथंच माझं नाव. आणि दुसरं सांगू? माझं नाव सासरच्यांनी पुसलं. तुझं तू स्वतःच्या हातानं पुसलंस. हे काही बरं नव्हे."

"मग करू काय?"

"नाव लाव. आडनावासकट. पुड्या माझ्या फळीवर ठेव, माझ्या पुडीशेजारी. तांदूळ आमच्याकडे येऊन धुवायचे. लोकांना मी सांगते."

हे ऐकून वकील मुलीने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "ठीक आहे, पण लेखी. माया तोंडी चालते, करार नाही." मुद्रांकावर चार कलमे झाली : जुने नाव आणि वृंदावन वापरायचे नाही, छापलेली लेबले आमच्यासमोर नष्ट करायची, रंग वेगळा ठेवायचा, आणि फळीवर जागा आमची पण माल आणि जबाबदारी त्यांची. मावशींनी सही केली ती पूर्ण नाव लिहून, इतकी ऐसपैस की साक्षीदाराला जागा उरली नाही.

पुढचे सगळे सोपे झाले असे सांगितले तर ते खोटे होईल. 2020 चे वर्ष करोनाने खाल्ले. 2021 च्या दिवाळीत मावशींच्या हिरव्या पुड्या आमच्या पिवळ्या पुड्यांशेजारी मांडल्या, तेव्हा लोक हात पुढे करीत, नाव वाचीत आणि हात शेजारी सरकवीत. अगदी त्यांनी सांगितले होते तसेच. सासूबाई काट्यामागून म्हणत, "ती घेऊन बघा. मोडली तर पैसे माझ्याकडून न्या." कुणी भिडेखातर घेई. मोडली म्हणून परत मात्र कुणी आले नाही. तिसऱ्या दिवाळीत कोथरूडच्या त्याच बाईंनी दोन पुड्या मागितल्या. मी पिवळी पुढे केली, तर म्हणाल्या, "ती नको, हिरवी द्या." सासूबाईंना ते ऐकायला मिळाले नाही. त्याच वर्षीच्या, 2023 च्या, उन्हाळ्यात त्या गेल्या.

पण नोंदणीचे प्रमाणपत्र त्यांनी पाहिले. 2021 साली ते आले तेव्हा त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचले. मालक म्हणून सासरचे नाव, चिन्ह म्हणून माहेरचे. दोन्ही नावे सरकारी कागदावर प्रथमच एकत्र आली होती. "बारशाला फुकट मिळालं होतं," त्या म्हणाल्या, "परत घ्यायला साडेचार हजार पडले. महाग नाही."

आता कायद्याने ते नाव आमच्याकडे आले आहे. 2029 साली नूतनीकरण करायचे, हे मी दिनदर्शिकेवर नव्हे, ट्रंकेच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले आहे. पुडीवर ते छापण्याचा हक्क आम्हाला आहे. पण गोष्ट म्हणून चारचौघांत सांगायचे तर जिचे नाव तिला विचारले पाहिजे, आणि विचारायला त्या आता नाहीत. इथे ते न लिहिण्याचे दुसरे कारण हे.

आमच्या फळीवर आता पाटी आहे. सासूबाईंनीच शेवटच्या वर्षी रंगवून घेतली. वरची ओळ वाचून नवी गिऱ्हाइके हसतात, आणि मी त्यांना हसू देते : 'आमची कोठेही शाखा नाही.' खाली बारीक अक्षरांत दुसरी ओळ आहे, ती फार थोडे लोक वाचतात : 'शेजारची हिरवी पुडी आमची नाही, पण चांगली आहे.'